टाक्यांच्या व्रणाला हात कसा लावावा: घरी करायच्या मालीशचा क्रम

गोव्यात फोंड्याला माझ्याकडे गुडघ्याच्या व्यायामासाठी येणाऱ्या एक काकी परवा मोठ्या कौतुकाने म्हणाल्या, "डॉक्टरबाय, महिनाभर सकाळ-संध्याकाळ खोबरेल जिरवलं बघ टाक्यांवर." व्रण चकचकीत दिसत होता, वरची कातडी मऊ होती. मी त्यावर दोन बोटं टेकवून बाजूला सरकवायला गेले, तर तो जागचा हलेना. महिनाभर त्यांची बोटं तेलावरून घसरत होती आणि चिकटलेला भाग होता तिथेच होता.

ही चूक मी जवळजवळ रोज बघते. हिच्या पाठोपाठ दुसरी, टाके निघाले की लगेच चोळायला बसण्याची. म्हणून हे सगळं क्रमाने लिहीत आहे. क्रम मोडू नका. पायरी पाचवर यायची घाई प्रत्येकाला असते, पण बिघडतं ते पहिल्या तीन पायऱ्यांत.

अपेक्षा आधीच ठरवून घ्या. मालीशने व्रण पुसला जात नाही. ओढल्यासारखं वाटणं, खाज, स्पर्शाची चीड, सांध्याला बसणारी आडकाठी यांत बऱ्याच जणांना फरक पडतो. रंग मात्र त्याच्या वेळेनेच फिका होतो. या विषयावरचे अभ्यास लहान आहेत आणि त्यांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. तेव्हा "पंधरा दिवसांत डाग गायब" असं कोणी सांगत असेल, तर पैसे खिशातच ठेवा.

## १. आत्ता हात लावायचा का?

जखम वरून बंद झाली म्हणजे आतून भरली असं नाही. तीन आठवड्यांच्या व्रणात मूळ कातडीच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढीच ताकद असते. तीन महिन्यांनी ती वाढून ८० टक्क्यांच्या आसपास जाते आणि तिथेच थांबते. आतल्या कोलॅजनचे धागे मोडून नव्याने बसण्याचं काम वर्षभर, कधी दोन वर्षंही चालतं. मालीश कामाला येते ती याच काळात. तिसऱ्या आठवड्यात चार दिवस उशीर झाला म्हणून काही बिघडत नाही. चार दिवस घाई केली तर मात्र जखम उसवू शकते.

साधारण हिशोब असा:

- साधे टाके, छोटी शस्त्रक्रिया: २ ते ३ आठवड्यांनंतर.
- सिझेरियन: ६ आठवडे झाल्यावर, तेही तपासणीत डॉक्टरांनी हो म्हटल्यावर.
- कातडी लावलेली जागा, खोल भाजलेली जागा, शिवलेली शीर (स्नायू हाडाला जोडणारी दोरी, टेंडन): आकडा मी सांगणार नाही. ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांनाच विचारा.

टाके किंवा क्लिपा निघालेल्या हव्यात. खपली आपोआप पडलेली हवी. पावसात स्कूटर घसरून कोपर सोलवटलेला एक मुलगा आला होता. त्याने आंघोळीत खपली भिजवून नखाने काढली आणि त्याच संध्याकाळी मालीश सुरू केली. दहा दिवसांचं भरून आलेलं काम एका बादलीत गेलं.

तपासून पाहा: पांढरा स्वच्छ सुती रुमाल व्रणावर मिनिटभर दाबून धरा. ओल, पिवळट किंवा लालसर डाग उमटला तर अजून वेळ आहे.

थांबा आणि आधी डॉक्टरांना दाखवा: व्रणाभोवतीची लाली पसरते आहे, जागा गरम लागते, पू आहे, ताप आहे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्या जागेवर रेडिएशन घेतलं आहे, मधुमेहामुळे तिथली संवेदना कमी झाली आहे. पायाच्या शस्त्रक्रियेनंतर पोटरी एकाएकी सुजली, दुखायला लागली, तर पोटरी चोळत बसू नका. ती रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

## २. व्रण कोणत्या जातीचा आहे?

सगळ्या व्रणांना एकच हात चालत नाही. दिवसाच्या उजेडात नीट बघा.

सपाट, फिकट आणि नुसता आवळलेला असेल तर खालचा सगळा क्रम त्यालाच लागू आहे.

लाल आणि जाड, पण मूळ कापाच्या रेषेतच राहिलेला, याला हायपरट्रॉफिक म्हणतात. यालाही मालीश करता येते, पण हलक्या हाताने आणि सिलिकॉनच्या पट्टीच्या किंवा जेलच्या जोडीने. इथे मी स्वतः चुकले आहे. नवी होते तेव्हा एका खांद्यावरचा असाच लालभडक व्रण मी आठवड्यातून तीनदा जोर लावून दाबत होते. महिनाभराने तो अधिक लाल आणि अधिक जाड झाला. हात थांबवला, सिलिकॉन लावलं, तेव्हा कुठे तो शांत झाला. चिडलेल्या व्रणाला जोर आवडत नाही.

मूळ जखमेची हद्द सोडून बाहेर पसरत चाललेला, गाठीसारखा वाढणारा, तो केलॉइड. छाती, खांदे, कानाची पाळी आणि जबडा या त्याच्या आवडत्या जागा. तो जोराने चोळू नका. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, त्यावर इंजेक्शनसारखे उपचार आहेत. इंजेक्शनं चालू असताना मालीश करायची की नाही, हे ती देणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

मार्च ते मेमध्ये आमच्याकडे आणखी एक प्रकार येतो, काजूच्या चिकाने भाजलेले हात. बोंडं पिळणारे, बिया भाजणारे लोक ते दाखवतात. बहुतेकदा तिथे जाड व्रण नसतो, नुसता काळा डाग असतो. त्याला मालिशीची गरज नाही. उन्हापासून झाकणं आणि वाट बघणं एवढंच.

## ३. तयारी

नखं कापा. अंगठ्या काढा. हात साबणाने धुवा.

मोबाईलवर फोटो काढा. दर पंधरा दिवसांनी त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी. रोज आरशात बघणाऱ्याला फरक दिसत नाही आणि तो तिसऱ्या आठवड्यात मालीश सोडून देतो.

मग बॉलपेन घ्या. व्रणाचे साधारण दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे धरून प्रत्येकाच्या शेजारी एक ठिपका काढा. त्या जागेभोवती घड्याळाची तबकडी आहे असं समजा. ठिपक्याशेजारी बोट टेकवून कातडी १२ कडे ढकला, मग ३, ६ आणि ९ कडे. ठिपका प्रत्येक दिशेला किती सरकतो ते पाहा. दुसऱ्या हातावर, पायावर त्याच जागी तेच करा, म्हणजे तुमचं 'नेहमीचं' काय ते कळेल. वहीत लिहा: "तुकडा ३, १२ कडे हलतो, ९ कडे अडतो."

हे पाच मिनिटांचं काम लोक टाळतात आणि मग सगळ्या व्रणावर सारखाच हात फिरवत बसतात. व्रण कधीच सारखा चिकटत नाही. बहुतेकदा टोकं अडकतात. आणि सगळ्यांत विसरली जाते ती नळी घातलेली जागा. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत बेंबीजवळ जी इवलीशी भोकं राहतात, त्यांतलं एखादं आत ओढलं जाऊन खळगा पडतो. तिथेही ठिपका काढा.

तेलाचं काय? तेल शेवटी. हलवण्याच्या पायरीला बोटं कोरडी हवीत. आपल्याकडच्या दमट हवेत घामानेच बोट घसरतं, म्हणून आंघोळीनंतर दहा-पंधरा मिनिटं पंख्याखाली बसून मग सुरुवात करा. तरी घसरत असेल तर बोट आणि कातडीमध्ये पातळ सुती रुमाल धरा, पकड येते.

नको त्या वस्तू: फेणी चोळून "रग जिरवणारे" मी पाहिले आहेत. दारूने कातडी सुकते आणि नवी कातडी आधीच कोरडी असते. व्हिटॅमिन ई च्या कॅप्सूल फोडून लावल्याने व्रण सुधारतो असं दिसलेलं नाही, उलट काहींना पुरळ उठतो. कांद्याचा रस, लिंबू, टूथपेस्ट यांच्याबद्दल लिहीत नाही.

## ४. आधी ओळख

पहिले चार-पाच दिवस नुसता स्पर्श. ऐकायला बाळबोध वाटतं, पण पोटावरच्या टाक्यांकडे महिनोन् महिने न बघणाऱ्या, साडीची निरी तिथे टेकली तरी दचकणाऱ्या बायका मला भेटतात. टाके घालताना कातडीतल्या बारीक नसा कापल्या जातात. त्यामुळे जागा कुठे बधिर, तर कुठे झिणझिणती होते. बधिरपणा काही महिन्यांत कमी होतो, एखादा तुकडा मात्र तसाच राहू शकतो.

कापसाच्या बोळ्याने व्रणाच्या कडेने दोन मिनिटं फिरवा. तो सोसला की मऊ सुती कापड. मग टॉवेल. मग बोटं. दिवसातून तीन-चार वेळा. आजची वस्तू चीड आणत नाही अशी झाल्याशिवाय पुढची घेऊ नका.

## ५. हलवणं

इथून खरं काम सुरू होतं. पहिला आठवडा व्रणावर नाही, त्याच्या कडेपासून सेंटिमीटरभर लांब. दुसऱ्या आठवड्यापासून प्रत्यक्ष व्रणावर.

तर्जनी आणि मधलं बोट यांच्या टोकाची गादी टेकवा, नखं नाहीत. नखाखालचा गुलाबी रंग फिका पडेल इतका दाब द्या. हाच तुमचा मापदंड, त्याहून जास्त नको.

आता बोटं कातडीवरून न सरकवता कातडीसकट सरका. बोटाखालची कातडी आणि बोट यांना गोंद लावला आहे असं समजा. वहीत ज्या दिशेला 'हलतो' लिहिलं आहे तिकडे आधी जा. शरीर सैल पडतं. मग 'अडतो' त्या दिशेला. अडलं की तिथेच थांबायचं. ढकलायचं नाही, सोडायचंही नाही. मनात ३० पर्यंत आकडे मोजा. बऱ्याचदा विसाच्या पुढे बोटाखाली काहीतरी किंचित सैल झाल्यासारखं जाणवतं. जाणवलं नाही तरी ३० झाले की सावकाश सोडा. पुढचा तुकडा.

प्रत्येक तुकड्यावर चारी दिशा झाल्या की त्याच जागी लहान गोल फिरवा, पाच उजवीकडे, पाच डावीकडे. इथेही कातडी बोटाबरोबर फिरली पाहिजे. शेवटी दोन्ही हात घ्या. एका हाताची बोटं व्रणाच्या वर, दुसऱ्याची खाली. एक हात डावीकडे, दुसरा उजवीकडे, म्हणजे रेषेला वळण पडतं. तिथे ३० आकडे थांबा.

एका वेळी ५ मिनिटं, दिवसातून २ ते ३ वेळा. रविवारी सलग अर्धा तास केल्याने आठवड्याची भरपाई होत नाही. फक्त लाली येते.

तपासून पाहा: दुखण्याला दहापैकी गुण द्या. तीनच्या आत राहा. मालिशीनंतरची लाली अर्ध्या तासात ओसरायला हवी. सकाळचा लालपणा रात्रीही दिसला, फोड आला किंवा व्रण सुजला, तर दोन दिवस सुट्टी आणि नंतर निम्मा दाब.

इथे होणाऱ्या चुका: फार भरभर फिरवणं. फक्त रेषेवरून वर-खाली करणं, रेषेच्या आडवं न जाणं. आणि दात-ओठ खाऊन दाबणं, कारण "दुखलं की लागू पडतं" असं कोणीतरी सांगितलेलं असतं. दुखलं की माणूस अंग आखडतो आणि आखडलेल्या पोटावर बोट आत जातच नाही.

## ६. उचलणं आणि वळणं

पाचवी पायरी तीन-चार आठवडे नेमाने झाल्यावर. पोट, मांडी, दंड अशा सैल जागीच हे जमतं. नडगीवर प्रयत्न करू नका.

अंगठा आणि तर्जनीत व्रण हलकेच चिमटीत धरा, वर उचला, दहा आकडे धरून ठेवा. मग समईची वात वळतो तसा दोन बोटांत सावकाश मागे-पुढे वळवा. जिथे चिमटीत येतच नाही ती जागा अजून पाचव्या पायरीची आहे, तिकडेच परत जा.

भाजलेल्या जागेवर ही पायरी मुळीच नको. तिथली कातडी पातळ असते आणि घासल्याने फोड येतात. तिथे दाबून धरणं आणि सोडणं एवढंच, तेही तेलाचा हात लावून. दाबाचे कपडे दिले असतील तर ते साधारण २३ तास घालायचे असतात. मालीश आणि आंघोळ उरलेल्या तासात उरकायची.

## ७. सांध्यावरचा व्रण

कोपर, गुडघा, बोटं, मान. इथे व्रण हलवून तसंच सोडून दिलं तर तो रात्रीत पुन्हा आवळतो. मालीश झाल्या झाल्या सांधा व्रण ओढतो त्याच्या उलट दिशेला, सोसेल इतका ताणा, ३० आकडे, तीन वेळा.

हाताच्या बाबतीत एक युक्ती सांगते, घरी बसल्या करता येते. मासे कापताना आदोळीवर (विळीवर) हात बसून तळहात चिरलेल्या एक ताई होत्या. शीर वाचली होती, कातडी भरून आली होती, पण बोट मिटताना व्रणही त्याच्याबरोबर आत ओढला जायचा, म्हणजे आतली शीर आणि वरचा व्रण एकमेकांना धरून बसले होते. नुसतं बोट हलवून ते सुटत नाही, दोघं जोडीने हलतात. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने व्रण बोटांच्या टोकांकडे ढकलून पक्का धरायचा आणि तो धरलेला असतानाच बोट सावकाश मिटायचं. शीर मनगटाकडे जाते, व्रण जागेवर राहतो, मधली पकड सैल पडते. दहा वेळा, दिवसातून तीनदा. त्यांना भाकरी थापायला हात सपाट टेकवता यायला सात आठवडे लागले.

सावधान: ही युक्ती शीर शाबूत असलेल्यांसाठी. शीर शिवली असेल तर किती आठवड्यांनी बोट कसं हलवायचं याचं वेळापत्रक असतं. ते सर्जन किंवा हाताचे थेरपिस्ट यांच्याकडूनच घ्या. टाका आत तुटला तर शस्त्रक्रिया पहिल्यापासून करावी लागते.

## ८. सिझेरियनबद्दल वेगळं

बाळंतिणीला तेल लावायला बाई येते. तिचा हात चांगला असतो, पाठ आणि पाय तिने खुशाल रगडावेत. पण पोटावर, पहिले ६ आठवडे, टाक्यांपासून चार बोटं लांब. हे तिला सासूबाईंसमोर सांगा, म्हणजे दोघींना एकदमच कळतं. पोट "जागेवर बसवायला" दाबून पट्टा आवळण्याआधी डॉक्टरांना विचारा.

सहा आठवड्यांनंतरची मालीश स्वतः करा, दुसऱ्याकडून नको. उताणं झोपून गुडघे वाकवा, पोट सैल सोडा. व्रणाच्या वरची कातडी त्यावर ओघळून पिशवीसारखी दिसते, तिथे १२ च्या दिशेने हलवण्यावर भर द्या. पोटातली चिकटलेली आतडी हाताने सोडवून देतो म्हणणारे भेटतील. आपली बोटं कातडी आणि तिच्या लगतचे थर हलवतात. आतड्यांसाठी सर्जन आहेत.

## ९. मालीश संपल्यावर

आता तेल. खोबरेलाचे दोन थेंब पुरतात. भिरंडेल (कोकमाच्या बियांचं तेल) वापरत असाल तर ते पळीत कोमट करून पातळ करून घ्या. तो कडक गोळा थेट घासला तर नव्या कातडीवर ओरखडे उठतात.

सिलिकॉन जेल किंवा पट्टी वापरत असाल तर तेल लावून वर पट्टी, असं करू नका, चिकटणार नाही. मालीश, मग तेल, अर्ध्या तासाने साबणाने धुणं, पूर्ण कोरडं करणं, मग पट्टी. दिवसातून किमान १२ तास, निदान २ ते ३ महिने. पावसाळ्यात पट्टीखाली घामोळं येतं. पट्टी रोज धुवा, आणि पुरळ उठला की दोन दिवस उघडं ठेवून मग पट्टीचे तास हळूहळू वाढवा. ज्यांना पट्टी अजिबात सोसत नाही त्यांनी जेल घ्यावं, पातळ थर, सुकू द्यावा.

ऊन. नव्या व्रणावर ऊन पडलं की तो काळवंडतो आणि तो काळेपणा लवकर उतरत नाही. वर्षभर झाका. झाकता येत नसेल तर एसपीएफ ३० किंवा जास्तीचं क्रीम, दर दोन तासांनी. समुद्रावर पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. ढगाळ दिवशीही.

## १०. कधी थांबायचं

दर पंधरा दिवसांनी ठिपके पुन्हा काढा आणि वहीतल्या नोंदींशी ताडून पाहा. सहा आठवडे नेमाने करूनही एकाही तुकड्यात फरक नसेल, तर घरचा प्रयोग थांबवा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) आणि जिल्हा रुग्णालयांत हा विभाग आहे. फोटो आणि वही सोबत न्या, तपासणाऱ्याचा वेळ वाचतो.

चारी दिशांना ठिपका दुसऱ्या बाजूइतकाच सरकायला लागला, की दिवसातून एकदा करा. पुढचे पंधरा दिवस तो तसाच राहिला तर दिवसाआड. मध्येच पुन्हा अडायला लागला तर एक पाऊल मागे. व्रण वर्षाचा होईपर्यंत असं मागे-पुढे चालतंच.

जुन्या व्रणांबद्दल दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. दहा-बारा वर्षांच्या सिझेरियनवरही हा क्रम करता येतो. फरक हळू पडतो आणि कमी पडतो. पण निरी खोचताना होणारी चुणचुण गेली, एवढ्यावरही खूश झालेल्या बायका माझ्याकडे आहेत. त्यांनी पहिल्या पायरीतला आठवड्यांचा हिशोब वगळावा, बाकीचा क्रम तोच.